भातकऱ्याची भीड आणि खाचरातले बेडूक

एका नगरात एक भातकरी राहत असे. नगरात भातकरी कसा, असं कुणी विचारेल, तर त्याचं उत्तर सोपं आहे. भातकरी जागचा हलला नव्हता. नगरच वाढत वाढत त्याच्या बांधापर्यंत आलं होतं. त्याच्या आजोबांच्या वेळी शेताभोवती शेतंच होती. वडिलांच्या वेळी एका बाजूने रस्ता झाला. आणि त्याच्या वेळेपर्यंत चारही बाजूंनी घरं, दुकानं आणि माड्या अशी दाटी झाली की मधोमध त्याची भाताची खाचरं तेवढी उरली. माडीवरून खाली पाहिलं, तर कौलांच्या मध्ये कुणी हिरवी सतरंजी अंथरून ठेवली आहे असं वाटे.

भातकरी कष्टाळू होता, गोड बोलणारा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शब्द ओठांपर्यंत येई आणि समोरच्याचं तोंड पाहून मागे फिरे. कुणी विळा मागितला की हो. कुणी बैल मागितले की हो, मग त्या दिवशी स्वतःची नांगरट का अडेना. लोक म्हणत, "माणूस असावा तर असा." म्हणायला लोकांचं काय जातं?

त्याची बायको मात्र सरळ बोलणारी होती. ती लांबच्या डोंगराकडची. लग्नात तिच्या आईने तिच्या ओटीत तांदळाऐवजी पेरता येणारी साळ घातली होती. त्या वाणाचं नाव मोगरसाळ. तांदूळ बारीक, आणि शिजताना असा वास की पलीकडच्या आळीतला माणूस विचारी, "आज काही सण आहे का?" पुढे तिच्या माहेरच्या गावचं पाणी तुटलं, तिथली शेतं पडीक झाली, आणि ते वाण तिथून गेलं. आता मोगरसाळ या खाचरांखेरीज कुठेच उरली नव्हती.

कापणीच्या आधी ती स्वतः शेतात उतरून भरदार लोंब्या निवडी. त्यांचं बी राखेत घोळवून मडक्यात ठेवी आणि मडक्याचं तोंड मातीने लिंपून टाकी. जुनं बी साठवून उपयोग नसे, कारण वर्ष उलटलं की ते धड उगवत नसे. दर वर्षी पेरायचं, दर वर्षी राखायचं. एक वर्ष जरी चुकलं, तरी आईची ओटी संपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या घराची आणखी एक रीत होती. नव्याच्या पौर्णिमेला भोवतालच्या प्रत्येक घरी नव्या तांदळाची एक वाटी जाई. त्या दिवशी शेजारी उंबऱ्यावर रांगोळी काढून रिकामी वाटी मांडून ठेवत, भातकरी ती भरून पुढे जाई, आणि त्या तांदळाचा नैवेद्य घरोघरच्या देवाला होई.

आता खाचरं आली की पाणी आलं, आणि पाणी आलं की बेडूक आले. लावणी झाली की रोज तिन्हीसांजेला ते सुरू होत. बारके बेडूक बांधाच्या कडेने टकटक करत, मोठे मधोमध बसून खर्जात डरांव डरांव करत. भातकऱ्याच्या बायकोला त्या आवाजात स्वयंपाक करायची सवय झाली होती. आवाज आहे म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे भात खुशाल आहे, इतका साधा तिचा हिशेब.

पण एका वर्षी शेताच्या पश्चिमेला एक गवई राहायला आला. तो संध्याकाळी शिष्यांना गाणं शिकवी. आठवडाभर त्याने सोसलं, मग बांधावर येऊन म्हणाला, "दादा, माझे शिष्य एक सूर लावतात आणि तुमचे बेडूक शेजारी दुसराच लावतात. शिष्य बिचारे बेडकांच्या मागे जातात. काहीतरी करा."

बेडूक काय आपण पाळलेले नाहीत, हे भातकऱ्याच्या मनात आलं होतं. पण तो म्हणाला, "हो बुवा, करतो की."

त्याने पश्चिमेच्या खाचराचा बांध एका जागी फोडला आणि पाणी पूर्वेकडच्या खाचरात सोडलं. पाण्यामागोमाग बेडूकही गेले. पूर्वेला एक सोनार राहत असे. दुसऱ्याच संध्याकाळी तो आला. "अहो, काल माझ्या खिडकीखाली काय जत्रा भरली होती? तराजूचा काटा बघावा तर चित्त ठरत नाही. इथून हलवा त्यांना."

"हो काका," भातकरी म्हणाला, आणि त्याने पाणी दक्षिणेकडे वळवलं.

दक्षिणेला एक आजीबाई राहत. त्यांची नात बाळंतपणाला आली होती. आजीबाई काठी टेकत आल्या. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, नुसतं म्हणाल्या, "बाबा, घरात तान्हं बाळ आहे रे."

"हो आजी."

मग बेडकांनी जावं कुठे? काही दिवस भातकरी पाणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवत राहिला. बेडूकही लग्नातल्या वऱ्हाडासारखे त्याच्या मागून फिरत राहिले. शेवटी एका संध्याकाळी तिघेही एकदमच बांधावर आले. तिघांनी मिळून एकच मागणं मागितलं, सगळं पाणी नाल्यात सोडून द्या.

भातकऱ्याने मान खाली घातली. श्रावण सरत आला होता, भात पोटरीवर आला होता. पोटरीवर आलेला भात म्हणजे पोटुशी बाई, लोंबी आत भरत असते, बाहेर दिसत नसते. अशा वेळी पायाशी पाणी लागतंच. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. 'आणखी एक महिना कळ काढा,' एवढंच वाक्य त्याला बोलायचं होतं. त्याने वर पाहिलं, तर तीन तोंडं त्याच्याकडे आशेने बघत होती.

"हो," तो म्हणाला.

घरी जाऊन बायकोला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ती रागावेल, या विचाराने त्याचे पाय जड झाले. मग भिडस्त माणूस अशा वेळी जे करतो, तेच त्याने केलं. जिला विचारायला हवं होतं, तिला न विचारताच दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली असताना त्याने नाल्याकडचा बांध फोडला.

त्या संध्याकाळी बायको देवापाशी दिवा लावत होती. वात पुढे सारताना तिचा हात थांबला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते लगेच कळेना. मग कळलं. ती तशीच बाहेर आली. नवरा पायरीवर बसला होता.

"आज बेडूक का ओरडत नाहीत?"

"दमले असतील," तो म्हणाला.

ती खाचरात उतरली. एरवी पाणी घोट्याच्या वर यायचं, आज नुसता चिखल पायाला लागला. ती तिथूनच म्हणाली, "पाणी कुठे गेलं?"

"सोडलंय. चार दिवसांपुरतं. पाऊस आला की भरेल पुन्हा. शेजारी सगळे मागे लागले होते गं, कुणाकुणाला नाही म्हणू?"

"भात पोटरीवर आहे."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, आणि सोडलंत."

तिने चिखलाचे गोळे उचलून फुटलेला बांध एकटीनेच बुजवला. मग हात धुऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही गावाला हो म्हणालात," ती म्हणाली. "मला तेवढं 'नाही' म्हणालात. तेसुद्धा मला न विचारता."

एवढं बोलून ती आत गेली. भातकरी पायरीवरच बसून राहिला. आपल्या तोंडून आयुष्यात कधी नकार निघाला नाही, असा त्याचा समज होता, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. तो अभिमान त्या संध्याकाळी गळून पडला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

पाऊस आला नाही. चार दिवस गेले, आठ गेले, आभाळ धुतलेल्या कापडासारखं लख्ख. खाचरांत पाणी असतं, तर भाताने ही उघडीप सहज काढली असती. पण आता चिखल वाळला, मग त्याला भेगा पडल्या, आणि पानांची टोकं पिवळी व्हायला लागली.

आणि शेजाऱ्यांचं काय? त्यांना हवी होती ती शांतता मिळाली होती. पहिले दोन दिवस ते खूश होते. मग गवयाला आपल्या शिष्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला, आणि बेडूक तितकेसे वाईट नव्हते असं त्याला वाटायला लागलं. सोनाराचं आणि त्याच्या सासूचं बोलणं सगळ्या आळीला स्पष्ट कळू लागलं. आजीबाईंच्या घरी तर वेगळीच गंमत. ते बाळ जन्मल्यापासून बेडकांच्या आवाजात झोपलेलं. आता घरात पळी पडली तरी ते दचकून उठे. पण पाणी सोडा असं म्हणणारे हेच; आता कुठल्या तोंडाने काय बोलणार?

एके दिवशी सकाळी बायको शेतातून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सगळं वाचत नाही. परसाजवळचं लहान खाचर वाचलं, तरी बी राहील. आपल्या एकट्या विहिरीने ते भिजणार नाही. शेजारच्या विहिरींचं पाणी लागेल."

"मग तू जाऊन विचार ना."

"मी नाही जाणार. त्यांना दिलंत तुम्ही, आता मागाही तुम्हीच."

लोकांना वाटतं, जो देतो त्याला मागणं सोपं जात असेल. उलट असतं. ज्याला नकार देता येत नाही, त्याला नकार ऐकायचीही भीती वाटते. भातकरी घरातून निघाला तो फाशी जाणाऱ्यासारखा.

पहिल्यांदा तो सोनाराकडे गेला. सोनाराच्या घरी गौरींची गडबड होती. सोनाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही हो, आज जमायचं नाही. घर पाहुण्यांनी भरलंय, रहाट सकाळपासून थांबलेला नाही." आणि मग हसून त्याने पानाचा डबा पुढे केला. "बसा, पान तर खा."

भातकरी पान हातात घेऊन बघतच राहिला. नाही म्हटलं होतं. स्वच्छ म्हटलं होतं. आणि तरी सोनार हसत होता, पान देत होता, दोघांमधलं काही मोडलं नव्हतं. हे त्याला फार नवलाचं वाटलं. त्याने पान खाल्लं आणि तो पुढे निघाला.

गवई मात्र लगेच उठला. त्याने शिष्यांना गाण्यावरून उठवून घागरींवर घातलं. बुवांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं, असं म्हणणारे लोक आहेत. आजीबाईंनी आपल्या विहिरीवर नातजावयाला उभं केलं. आणि गौरी बोळवून पाहुणे गेल्यावर, कुणी बोलवलं नसताना, सोनार स्वतः धोतर खोचून दोन घागरी घेऊन आला.

"तुम्ही तर नाही म्हणाला होतात," भातकरी म्हणाला.

"त्या दिवशी नाही म्हटलं होतं," सोनार म्हणाला. "आज मोकळा आहे."

एवढ्या सगळ्यांनी पाणी ओतलं, तेव्हा ते एक लहानसं खाचर ओलं राहिलं. एका संध्याकाळी तिथून एकट्या बेडकाचा आवाज आला. बायको चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर तशीच सोडून ऐकलं. भाकरी करपली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्या खाचरात लोंब्या भरल्या. बाकीची खाचरं पळिंज निघाली, वरून लोंबी आणि आत दाणा नाही. त्यांचा नुसता पेंढा झाला. वर्षाचा भात गेला, आणि हाती आलं ते एक मडकं बी.

मग नव्याची पौर्णिमा आली.

रीत कुणी मोडली नव्हती. सकाळी उंबऱ्या-उंबऱ्यावर रांगोळ्या निघाल्या आणि त्यांवर रिकाम्या वाट्या मांडल्या गेल्या. यंदा तांदूळ मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं, असं नाही. थोडा मिळेल असं वाटत होतं. इतक्या वर्षांत वाटी कधी चुकली नव्हती, आणि चिमूटभर तरी देवापुढे ठेवायला हवंच ना. भातकऱ्याने दारातून त्या वाट्या पाहिल्या. एकेक मूठ दिली तर सगळ्यांची तोंडं हसरी राहतील. मुठी जातील कुठून, तर त्या मडक्यातून.

बायकोने मडकं आणून त्याच्यासमोर ठेवलं. लिंपलेली माती अजून फोडलेली नव्हती.

"हे एवढंच आहे," ती म्हणाली. "वाटायचं असेल तर वाटा. मी अडवणार नाही. पण यावेळी मला विचारून वाटा."

भातकरी पुष्कळ वेळ मडक्याकडे बघत होता. मग त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, आत नेऊन होतं तिथे ठेवलं, खांद्यावर उपरणं टाकलं आणि तो रिकाम्या हातांनी बाहेर पडला.

गवई दारातच उभा होता. भातकऱ्याच्या ओठांपर्यंत शब्द आला, नेहमीसारखा मागे फिरू लागला. त्याला करपलेल्या भाकरीचा वास आठवला आणि तो एकट्या बेडकाचा आवाज आठवला.

"यंदा वाटी नाही, बुवा," तो म्हणाला. "घरात आहे ते बियाणं आहे. ते मी देणार नाही."

गवयाने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं तर वाटी मांडायचा हक्कच नव्हता आम्हाला." तो आत गेला, आपल्या डब्यातल्या तांदळांनी तीच वाटी भरून आणली आणि भातकऱ्याच्या उपरण्यात ओतली. "मांडलेली वाटी रिकामी उचलू नये. यंदा इकडून तिकडे जाऊ दे."

आजीबाईंनी तेच केलं. सोनारानेही केलं, आणि वर पान दिलं. एका घरी मात्र वाटी मुकाट्याने उचलली गेली आणि दार लागलं. भातकऱ्याला वाईट वाटलं. रस्त्यात तो क्षणभर थांबला, मागे वळून त्या दाराकडे पाहिलं. मग पुढच्या घरी गेला आणि तिथेही तेच सांगितलं.

घरी आला तेव्हा उपरण्यात कुठला जाड, कुठला बारीक, कुठला तांबूस, असा नाना घरचा तांदूळ जमला होता. बायकोने तो एकत्रच शिजवला. निम्मा भात गिचका झाला आणि निम्मा कच्चा राहिला. दोघं शेजारी बसून जेवली. पहिला घास खाऊन बायकोला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

पुढच्या वर्षी मडक्याचं तोंड उघडलं, मोगरसाळ पेरली गेली, लावणी झाली, खाचरांत पाणी उभं राहिलं. बी थोडं म्हणून थोडीच खाचरं लावता आली. बेडकांनी तेवढ्यातच दाटीवाटी करून घेतली. पश्चिमेला गवयाचे शिष्य बेसूर गात राहिले आणि कुणाला फारसं कळलं नाही.

एका संध्याकाळी उत्तरेच्या नव्या माडीत राहायला आलेला एक व्यापारी बांधावर आला. "अहो, हा काय गोंगाट! एवढं पाणी सोडून द्या ना."

बायको चुलीपाशी होती. तिचे हात थांबले.

"नाही," बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, शांत, नेहमीसारखाच गोड. "भात हाती येईपर्यंत पाणी सुटायचं नाही. तुम्ही बसा ना शेठ, पान खाता का?"

व्यापारी काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. मधे बेडूक फार ओरडत होते. तिने भाकरी उलटली.

तात्पर्य: सगळ्यांना 'हो' म्हणणारा माणूस नकार देत नाही असं नाही, तो आपल्याच माणसाला न विचारता नकार देऊन बसतो. म्हणून जे राखायचं आहे त्यासाठी वेळेवर, गोड शब्दांत, पण स्पष्ट 'नाही' म्हणायला शिकावं.